आकाशातलं गाणं की पेटीतलं?

मागच्या पंधरवड्यात आमच्या घरात एक पेच पडला होता. पेच कसला, तर सासूबाईंना गाणी ऐकायला काय आणून द्यायचं! ऐकायला किती सोपं वाटतं, नाही? दुकानात जायचं, पैसे मोजायचे आणि वस्तू घरी आणायची. पण घरात चार माणसं आणि चौघांची चार मतं असली, की वाटीभर साखरेचाही प्रश्न होतो. इथं तर हजारांचा मामला होता.

सासूबाईंचं वय आता चौऱ्याहत्तर. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, तरी बारीक अक्षर दिसत नाही. पूर्वी दुपारी जेवण झालं की त्या मासिक घेऊन पडायच्या, ते सुटलं. मी अकरा ते अडीच शाळेत मराठी शिकवायला जाते, हे ऑफिसात, चिरंजीव शाळेत. आमचं घर मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला. पहाटे तीनपासून ट्रकचे भोंगे, गाड्यांची रांग, भाजीवाल्यांची घाई. पण दुपार झाली की सगळं एकदम शांत. एक दिवस मी घरी आल्यावर त्या सहज म्हणाल्या, "अगं, दुपारी मला घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येते बघ." त्या काही तक्रार करत नव्हत्या. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

मग सुरू झाल्या सूचना. चिरंजीव म्हणाले, "आजीला मोबाईलवर लावून देतो." आजीचं बोट पडद्यावर पडलं की गाण्याऐवजी कुणाला तरी फोन लागतो, हे तो सोयीस्कर विसरला. ह्यांचं मत, "हजारो गाणी भरलेली पेटी मिळते, ती आणून टाकू." आणि आमच्या वन्सं असतात न्यू जर्सीला. त्यांचा फोन आला, "वहिनी, आमच्या गाडीत उपग्रहाचा रेडिओ आहे. किती स्टेशनं लागतात आणि खरखर म्हणून नाही. तसाच हातात धरण्यासारखा लहान सेट आईला पाठवून देऊ का?"

उपग्रहाचा रेडिओ! हे शब्द ऐकले आणि मला भुसार बाजारातली ती पेढी आठवली.

पेढीवरचं गाणं

माझे वडील मार्केट यार्डातल्या एका अडत्याकडे दिवाणजी होते. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, म्हणजे २००७ सालची गोष्ट. कधी डबा विसरला तर मी पेढीवर पोचवायला जायची. गादी, तक्क्या, लाल खतावण्या, गूळ आणि मिरचीचा तो मिसळलेला वास. आणि फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी, एक काळा डबा. त्याला वायरने जोडलेली पाटीसारखी चपटी अँटेना खिडकीत ठेवलेली. त्या डब्यातून कुणी बुवा संथपणे यमन गात असायचे. मध्ये जाहिरात नाही, खरखर नाही. बाहेर हमाल गोण्या उतरवताहेत, आत तंबोरा वाजतोय! वडील हिशेब मिटल्यावर पाच मिनिटं डोळे मिटून बसायचे. मी गेले की बोट ओठांवर ठेवून मला गप्प करायचे.

त्या सेवेचं नाव वर्ल्डस्पेस. तुमच्यापैकी कुणाच्या माहेरीही असेल. मूळचे इथिओपियाचे नोआ समारा यांनी १९९० साली ही कंपनी अमेरिकेत काढली. जिथे रेडिओ स्टेशनं नीट पोचत नाहीत, अशा आफ्रिका-आशियातल्या माणसांना आकाशातून आवाज पोचवावा, ही कल्पना. १९९८ मध्ये आफ्रिकेसाठी 'आफ्रिस्टार' आणि २००० मध्ये आपल्या बाजूसाठी 'एशियास्टार' असे दोन उपग्रह त्यांनी सोडले. भारतात त्याचे चाहते सगळ्यांत जास्त झाले. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीताला 'गंधर्व' नावाची वेगळी वाहिनी होती, कर्नाटक संगीताला वेगळी, जुन्या हिंदी गाण्यांना वेगळी, मराठीलाही एक होती. ए. आर. रहमान त्यांच्या जाहिरातीत असायचे.

आता हे चालत कसं होतं, ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल. तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर होता. पुण्यातून बघितलं तर तो आग्नेयेला, क्षितिज आणि डोक्यावरचं आकाश यांच्या साधारण मधोमध येई. आग्नेय म्हणजे आपल्या स्वयंपाकघराची दिशा! त्या बाजूची खिडकी मोकळी हवी, कारण इतक्या लांबून येणारी ती लहर अगदी क्षीण असते. मध्ये भिंत आली, समोरची इमारत आली, झाड आलं, की संपलं. पेढीवर कुणी नवख्या हमालाने खिडकीशी गोण्यांची थप्पी लावली, की बुवांचा आवाज तानेच्या मध्यावर थांबायचा आणि शेठजी आतून ओरडायचे, "अरे, गाणं मोकळं करा!"

आमच्या वन्संच्या गाडीतला रेडिओ मात्र पुलाखालीही चालतो, तो का? तर अमेरिकेत अशा सेवा २००१-०२ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा त्यांनी मोठ्या शहरांमध्ये जमिनीवरही जोड-मनोरे उभारले. उपग्रह दिसला नाही तर मनोरा आवाज पुरवतो. शिवाय गाडीच्या टपावर आकाश मोकळंच असतं. आपल्याकडे तसे मनोरे नव्हते. त्यामुळे सेट 'हातात धरण्यासारखा' असला, तरी प्रत्यक्षात तो खिडकीशी बांधलेला असायचा. इकडच्या खोलीतून तिकडे नेला की पुन्हा आकाश शोधा.

वडिलांचा जमाखर्च

२००८ साली वडिलांच्याही मनात असा सेट घ्यायचं आलं. पण ते पडले दिवाणजी. एका जुन्या खतावणीच्या मागच्या पानावर त्यांनी दोन रकाने पाडले. एका बाजूला उपग्रहाचा रेडिओ, दुसऱ्या बाजूला तेव्हा नव्याने स्वस्त झालेला, अंगठ्याएवढा एमपीथ्री प्लेअर.

रेडिओच्या खाली लिहिलं : सेटचे पैसे एकदा, वर्गणी दरवर्षी. गाणी अगणित. निवड त्यांची. खिडकी पाहिजे. प्लेअरच्या खाली लिहिलं : पैसे एकदाच. गाणी भरू तेवढी. निवड आपली. खिशात मावतो, एसटीतही चालतो.

मी तेव्हा रेडिओच्या बाजूची होते. माझ्या मैत्रिणीच्या भावाकडे परदेशातून आणलेला आयपॉड होता. तो २००१ साली निघाला तेव्हा त्याची ऐट अशी होती, की 'हजार गाणी तुमच्या खिशात'. पण मला वाटायचं, हजार गाणी झाली तरी ती आपल्याच ओळखीची. पेढीवर तर रोज कुणीतरी अनोळखी बुवा भेटतात! मी हे वडिलांना सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाळ, वर्गणी म्हणजे भाडं. भाड्याच्या घरात माणूस सुखाने राहतो, पण खिळा ठोकताना दहादा विचार करतो."

आणि त्यांनी बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून बाराशे रुपयांचा, कुठल्याशा अनामिक कंपनीचा प्लेअर आणला. दोन जीबीचा. बघा, साध्या प्रतीच्या एमपीथ्रीत एका मिनिटाला साधारण एक एमबी जागा लागते. म्हणजे चार-पाच मिनिटांच्या गाण्याला चार-पाच एमबी, आणि एका जीबीत सव्वादोनशे गाणी सहज बसतात. वडिलांची भजनं, अभंग, नाट्यपदं सगळं त्यात मावलं आणि जागा उरली.

पुढे काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये वर्ल्डस्पेसच्या अमेरिकेतल्या मूळ कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली सेवा बंद झाली. लाखाहून जास्त वर्गणीदार होते, त्यातले बहुसंख्य आपल्या देशातले. सेट चांगले होते, बिघडले नव्हते. पण दुसऱ्या कुठल्याही कामाचे नव्हते. आकाशातून येणारं थांबलं, की उरतो तो डबा.

तुम्ही म्हणाल, म्हणजे वडिलांचंच बरोबर ठरलं. थांबा. गोष्ट अजून संपलेली नाही.

माझी चूक

त्या लहानशा प्लेअरला आवाज भरून घ्यायचीही सोय होती. वडील दर एकादशीला बाजारातल्या भजनी मंडळात जायचे. त्यात कुणी तोलणार, कुणी हमाल, कुणी टेम्पोवाला. वडिलांचा गळा काही तयारीचा नव्हता, पण सूर सच्चा होता. एका कार्तिकी एकादशीला त्यांनी म्हटलेले पाच अभंग मी त्या प्लेअरवर भरून घेतले होते. टाळ जास्त, आवाज कमी, मध्येच खोकला. घरी ऐकताना आम्ही हसायचो.

२०१६ साली वडील गेले. आईने तो प्लेअर मला दिला. प्लेअरची बॅटरी फुगली होती म्हणून मी त्यातलं सगळं एका मेमरी कार्डावर उतरवून घेतलं. एक प्रत झाली, म्हणून प्लेअर भंगारात दिला. आणि दोन वर्षांनी, चिरंजीवांच्या शाळेच्या कार्यक्रमाचे फोटो काढायचे होते, कॅमेऱ्याला कार्ड हवं होतं, घाई होती. कॅमेऱ्याने विचारलं, कार्ड साफ करू का? मी 'हो' म्हणून बटण दाबलं.

हे लिहितानाही हात थांबतो बघा. कुठली कंपनी बुडाली नाही, कुठला उपग्रह बंद पडला नाही. घरात असलेली वस्तू घरातल्या माणसाने घालवली.

तेव्हा मैत्रिणींनो, 'आपल्या पेटीतलं ते आपलं' हे अर्धंच खरं. बाहेरून येणारं गाणं दुसऱ्याच्या हाती असतं, ते कधीही थांबू शकतं. आणि घरातलं गाणं आपल्या हाती असतं, म्हणून ते आपल्याच हातून जाऊ शकतं. दोन्हींची काळजी वेगवेगळी घ्यावी लागते, इतकंच.

आजचं भाडं

आता कुणी म्हणेल, उपग्रहाचा रेडिओ गेला, अंगठ्याएवढे प्लेअर गेले, आयपॉडसुद्धा मे २०२२ मध्ये बंद केल्याचं त्याच्या कंपनीने जाहीर केलं. मग ही चर्चा कशाला? तर चर्चा अशासाठी, की सवाल तोच आहे, फक्त वस्तूंची रूपं बदललीत. मोबाईलवरच्या गाण्यांच्या सेवा म्हणजे पुन्हा भाड्याचं घर. गाणी लाखो, पण पैसे भरणं थांबलं की दार बंद. आणि मालकाने घरच पाडायचं ठरवलं तर? एअरटेलची 'विंक' ही गाण्यांची सेवा कितीतरी घरांत वाजत होती, ती २०२४ मध्ये बंद झाली. लोकांनी हौसेने जमवलेल्या गाण्यांच्या याद्या पुन्हा नव्याने मांडायची वेळ आली.

हिशेबही करून बघा. महिन्याला शंभर रुपये धरले तर वर्षाचे बाराशे, पाच वर्षांचे सहा हजार. सहा हजार म्हटलं की आठवतं, 'सारेगामा'ने, म्हणजे आपल्या जुन्या एचएमव्हीने, २०१७ साली 'कारवाँ' नावाची पेटी काढली, तिची किंमतही त्याच घरात होती. जुन्या ट्रान्झिस्टरसारखं रूप, आत पाच हजार हिंदी गाणी भरलेली, वर एफएमचीही सोय. पुढे मराठी गाण्यांचीही पेटी निघाली. कितीतरी मुलांनी ती आईवडिलांना भेट दिली. आमच्या ह्यांच्या डोक्यात होती ती हीच. ती वाईट नाही. इंटरनेट नको, वर्गणी नको, बोटाने फिरवायची खुंटी. फक्त ध्यानात ठेवा, आतली गाणी त्यांनी निवडलेली. आपल्याला हवा तो अभंग त्यात नसेल, तर पेनड्राइव्ह जोडावा लागतो.

आणि साधा रेडिओ? त्याला तर आपण घरातून हद्दपारच केलंय. पण पुण्याचं आकाशवाणी केंद्र १९५३ पासून बोलतंय, विविध भारती १९५७ पासून. सासूबाईंनी मला सांगितलं, की त्यांच्या माहेरी रेडिओ होता तेव्हा त्याचाही वर्षाचा परवाना असायचा, पोस्टात जाऊन पैसे भरावे लागत. तो परवाना १९८०च्या दशकात गेला. म्हणजे एके काळी भाड्याची असलेली ही वस्तू आता फुकट झाली आहे, आणि आपल्याला तिची किंमत राहिली नाही!

त्यांच्या आईची एक आठवण त्या नेहमी सांगतात. १९५५-५६ मध्ये गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण पुणे केंद्रावरून वर्षभर चाललं, छप्पन्न गाणी, आठवड्याला एक नवं. त्या दिवशी आजूबाजूच्या बायका पोळ्या लवकर उरकून रेडिओ असलेल्या घरी जमत. "आता छप्पन्नच्या छप्पन्न गाणी एका बसणीत ऐकता येतात," सासूबाई म्हणाल्या, "पण आठवडाभर वाट बघायला कुणी लावत नाही."

हे ऐकलं आणि माझा पेच सुटला. दुपारच्या शांततेत त्यांना गाण्यापेक्षा जास्त काही हवं होतं. कुणीतरी बोलणारं हवं होतं. आता किती वाजले हे सांगणारं, कुणाच्या फर्माइशीवरून गाणं लागतंय ते सांगणारं, पुढं काय लागणार हे न कळू देणारं. ते पेटी देऊ शकत नाही. आणि आषाढीच्या दिवशी त्यांना हवा तोच अभंग हवा त्या क्षणी रेडिओ देऊ शकत नाही.

खरेदीला जाण्यापूर्वी

तुमच्याही घरी असा प्रश्न असेल, तर एवढं करा :

१. आधी माणूस बघा, मग वस्तू. दिवसभर एकट्या असणाऱ्या माणसाला रेडिओची सोबत जास्त. ज्याची ठरावीक आवड आहे, प्रवास आहे, त्याला भरलेली गाणी बरी.

२. खर्च दोन रकान्यांत लिहा : एकदाचा आणि दरवर्षीचा. दरवर्षीच्याला पाचाने गुणा. मग स्वस्त काय ते आपोआप दिसतं. वर्गणी घ्यायचीच असेल तर सुरुवातीला थोड्या मुदतीची घ्या. सवलतीच्या मोहाने तीन-तीन वर्षांचे पैसे आगाऊ भरू नका.

३. परदेशातून उपग्रहाचा रेडिओ मागवू नका. तिकडच्या सेवांचे उपग्रह तिकडच्याच प्रदेशावर आवाज टाकतात, इथे सेट मुका राहतो. जुन्या बाजारात वर्ल्डस्पेसचा सेट स्वस्तात दिसला, तरी रेडिओ म्हणून घेऊ नका.

४. रेडिओ घेताना दुकानात न ऐकता, परत करायच्या बोलीवर घरी आणून ऐका. सिमेंटच्या घरात आवाज दबतो. अँटेना पूर्ण उघडून खिडकीजवळ ठेवला की पुण्यात १०१वर विविध भारती स्वच्छ लागते.

५. बटणं मोजा. म्हाताऱ्या माणसासाठी चालू-बंद, आवाज कमी-जास्त आणि पुढचं गाणं, एवढी पुरेत. आणि हाताला लागतील अशी उंच हवीत. नुसता काचेचा पडदा असेल तर नको.

६. सेलवर चालणारी वस्तू महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात. चार्जिंगची असेल तर पूर्ण रिकामी करून कपाटात टाकू नका. बॅटरी फुगलेली दिसली तर वापर तात्काळ बंद.

७. शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. बाजारात मिळणारी गाणी गेली तर पुन्हा मिळतील. पण घरच्या माणसाचा आवाज, आजीची ओवी, बाळाचे बोबडे बोल, हे जगात दुसरीकडे कुठेही नसतं. त्याच्या निदान तीन प्रती करा, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून नाव लिहा. आपण लोणच्याच्या बरणीवर तारीख लिहितो, मग यावर का नाही?

आम्ही काय केलं?

तापकीर गल्लीतून एक साधा सेट आणला. एफएम रेडिओ आहे आणि बाजूला पेनड्राइव्हची खाच. किंमत दीड हजाराच्या आत. बटणं ओळखता यावीत म्हणून मी एक युक्ती केली. रेडिओच्या बटणावर एक मखमली टिकली चिकटवली, पेनड्राइव्हच्या बटणावर दोन. बोट फिरवलं की एक टिकली म्हणजे रेडिओ, दोन म्हणजे अभंग. पहिल्या दिवशी सासूबाई हसल्या, "या वयात मला टिकल्या मोजायला लावतेस होय!" आता न बघता लावतात. मी अडीचला आले की मला ताटावर बसल्या-बसल्या बातम्या मिळतात, कुणाच्या फर्माइशीवरून कुठलं गाणं लागलं, बोलणारी बाई कशी गोड बोलते आणि आज ती जरा सर्दावलेली वाटली.

आणि एक सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी मी बाजारात कांदे घ्यायला गेले होते. रविवारची गर्दी. एका गाळ्यावरच्या तोलणाराने मला ओळखलं. वडिलांच्या भजनी मंडळातले ते. म्हणाले, "ताई, दिवाणजींचं भजन माझ्या मोबाईलात आहे अजून." मला काही समजेना. मग आठवलं, कधीतरी त्यांनी मला म्हटलं होतं, "मलाही भरून द्या", आणि मी त्यांच्या कार्डावर एक अभंग उतरवून दिला होता. एकच. पुढे त्यांनी तीन मोबाईल बदलले, पण दर वेळी तो अभंग सोबत नेला.

तिथेच काट्यापाशी उभं राहून मी तो ऐकला. टाळ जास्त, आवाज कमी. मध्ये ट्रकचा भोंगा आणि त्यानंतर वडिलांचा खोकला. आता तो अभंग चार घरांत आहे. सासूबाईंच्या पेनड्राइव्हवर तो पहिला आहे. एकादशीला त्या दोन टिकल्यांचं बटण दाबतात आणि भोंगा वाजला की स्वयंपाकघरात मला हाक मारतात, "आले गं तुझे वडील!"

तुमच्या घरी असा कुणाचा आवाज जपून ठेवला असेल, तर आजच त्याची आणखी एक प्रत करा. बाकी कामं उद्या केली तरी चालतील.